सॅम्पल गेलं त्याच पत्त्यावर

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे. परदेशी गिऱ्हाइकाला आधी सॅम्पल जातं. ते पास झालं की ज्या पत्त्यावर सॅम्पल गेलं त्याच पत्त्यावर माल जातो. पत्ता नव्याने टाइप करायचा नाही, मागच्या पावतीवरून उचलायचा. टाइप करताना माणूस चुकतो, पावती चुकत नाही. गाठोड्यांचे लांबलचक नंबरही आम्ही सगळे वाचत बसत नाही. पुढचे चार, मागचे चार जुळले की मेळ झाला. माझं अर्धं आयुष्य या पद्धतीवर गेलं आणि माझ्या हाताखालून निघालेला माल कधी भलत्या दारात उतरला नाही.

त्या रविवारी माझ्या मुलीचे पैसे याच पद्धतीने भलत्या दारात उतरले.

मुलगी तीन वर्षांपूर्वी करमाळ्याहून परत आली. तिथे तिला दिली होती. परत आली ती एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन. का आली ते तिने आईला सांगितलं, आईने मला निम्मं सांगितलं आणि तेवढं मला पुरलं. त्यानंतर ती आमच्या मागच्या खोलीत बसून परदेशातल्या एका लहान कंपनीसाठी व्हिडिओची कापाकापी करू लागली. ती कंपनी पगार रुपयांत देत नव्हती. डॉलरच्या भावाला बांधलेलं एक डिजिटल नाणं असतं, त्यात देत होती. मला ते पहिल्यापासून पटलं नाही. पण पैसे कष्टाचे होते. कर सल्लागाराला विचारून दर वर्षी रिटर्नमध्ये सगळी कमाई दाखवली होती. मग माझा विरोध कशाला, हे मला सांगता येईना.

ते पैसे तिला कशासाठी हवे होते, हे आधी सांगायला हवं. आम्ही राहतो ते घर तीन भावांच्या नावावर आहे. भाऊ चांगले आहेत, भावजयाही वाईट नाहीत. पण दर सणाला कुणी ना कुणी विचारतंच, "मग? कधी जायचं म्हणते ती?" मुलगी ताट घेऊन मागच्या खोलीत जायची. एके दिवशी तिने होटगी रोडच्या एका नव्या इमारतीचं माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवलं. एक बेडरूम, रस्त्याकडे बाल्कनी. "बँक कर्ज देतेय, पप्पा. माझा हिस्सा मी महिनाअखेर भरायचा. मला असं दार पाहिजे, की आत कोण येणार ते मी ठरवीन."

तिचा हिस्सा म्हणजे तीन वर्षांत साठलेली ती नाणी. ती होती तिच्या लॅपटॉपमधल्या वॉलेटमध्ये. तिथून इथल्या एका एक्स्चेंजवर पाठवायची, तिथे विकायची, कर कापून रुपये बँकेत यायचे. एवढं काम.

"आणि चुकून दुसरीकडे गेली तर?" मी विचारलं.

"तर गेली."

"म्हणजे? बँकेत अर्ज करतो तसं काही?"

"पप्पा, बँकेत चूक झाली तर तुम्ही मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन बसता. इथं मॅनेजर नाही. टेबलच नाही."

असा पत्ता कसा दिसतो ते मी कागदावर लिहून मागितलं. पत्ता म्हणजे चौतीस इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मोठी-लहान लिपी एकमेकांत मिसळलेली, शब्द असा एकही नाही. तिने सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये शिरणारे असे काही किडे असतात, की तुम्ही पत्ता कॉपी केला आणि पेस्ट केला, तर मधल्या मधे ते स्वतःचा पत्ता घालतात. तेव्हापासून मी त्या लॅपटॉपकडे सरळ नजरेने पाहिलं नाही.

"आधी सॅम्पल पाठवायचं," मी म्हणालो.

माझी बायको सांगोल्याकडची. ती भाजी निवडत ऐकत होती. "सॅम्पल? त्यो काय टॉवेल हाय व्हय?"

"अगं, थोडे पाठवून बघायचे. पोचले तर बाकीचे."

"मग असं म्हणा की. लेकीच्या पैशाला बी किनार लावताय का काय, असं वाटलं मला."

मुलगी हसली. म्हणाली, "बरोबर आहे पप्पांचं. असंच करतात."

शुक्रवारी संध्याकाळी तिने एक्स्चेंजवरून पत्ता घेतला, वॉलेटमध्ये टाकला, चौतीसच्या चौतीस अक्षरं डोळ्यांनी तपासली आणि अगदी थोडी नाणी पाठवली. मी त्या पत्त्याची पुढची चार आणि मागची चार अक्षरं चिठ्ठीवर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवली. थोड्याच वेळात सॅम्पल एक्स्चेंजवर दिसलं. शनिवारी कारखान्यात मला बरं वाटत होतं. मी दोनदा खिशाला हात लावला.

रविवारी सकाळी आम्ही तिच्या टेबलापाशी बसलो. माझी दुसरी अट होती की सगळा माल एका ट्रकमध्ये भरायचा नाही. चार हिस्से करायचे. तिने मान्य केलं. पहिल्या हिश्श्यासाठी ती एक्स्चेंज उघडायला गेली तेव्हा मीच म्हणालो, "परत कशाला तिकडून? सॅम्पल गेलं तोच पत्ता उचल. तो पास झालेला आहे."

तिला ते पटलं. कुणालाही पटेल. वॉलेटमध्ये आतापर्यंतच्या देवघेवीची यादी असते. सगळ्यात वर शेवटचा व्यवहार. पत्ता पूर्ण दिसत नाही. पुढची चार अक्षरं, तीन टिंबं, मागची चार. तिने तो उचलला आणि मी खिशातून चिठ्ठी काढली.

"वाच," मी म्हणालो.

तिने पुढची चार वाचली. मागची चार वाचली.

"जुळलं," मी म्हणालो.

तिने बटण दाबलं.

सॅम्पल पोचायला जेवढा वेळ लागला होता तेवढा गेला. मग त्याच्या दुप्पट गेला. वॉलेट सांगत होतं की पाठवलं, पूर्ण झालं. एक्स्चेंजवर काही नव्हतं. मुलीने पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. मी म्हणालो, रविवार आहे, गर्दी असेल. ती म्हणाली, "पप्पा, इथं रविवार नसतो." स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज कधी थांबला कळलं नाही. बायको दारात उभी होती, हाताला पीठ तसंच.

मग मुलीने यादीतला तो पत्ता पूर्ण उघडला आणि शेजारी एक्स्चेंजचा पत्ता ठेवला. पुढची चार अक्षरं तीच. मागची चार तीच. मधली सगळी वेगळी.

मी चष्मा पुसून पाहिलं. वेगळीच होती.

तिनेच ते शोधून काढलं, बोटाने एकेक ओळ दाखवत. शुक्रवारी आम्ही सॅम्पल पाठवलं, त्यानंतर लगेच कुणीतरी तिच्या वॉलेटमध्ये नाण्याचा अगदी क्षुल्लक कण पाठवला होता. पाठवणाऱ्याने आपला पत्ता मुद्दाम असा बनवून घेतला होता, की डोकं आणि शेपूट आमच्या पत्त्यासारखं. तो कण यादीत सॅम्पलच्या वर जाऊन बसला. वर जे बसलं ते आम्ही उचललं. लॅपटॉपमध्ये किडा नव्हताच. चोराने आमच्या घरात काही मोडलं नव्हतं. आम्ही कसा मेळ घालतो हे त्याला माहीत होतं, एवढंच.

बायको पडद्याकडे बघत होती. "म्हंजी परकं मेंढरू खांडात शिरलं," ती म्हणाली. "कानाला तसाच रंग लावून."

"हो," मुलगी म्हणाली.

"मग ते कुणाचं म्हनून कुणी इचारलं न्हाय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता ती म्हणेल की तुमच्यामुळे. ती म्हणाली, "चार हिस्से केले नसते तर सगळं गेलं असतं." आणि उठून मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

सोमवारी आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, कागद घेतले, पोच दिली. परत मिळेल असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर गेलेल्या हिश्श्यापेक्षा राहिलेल्या तीन हिश्श्यांची भीती मोठी होती. ते अजून त्याच वॉलेटमध्ये होते आणि आता हलवायचं धाडस कुणाला नव्हतं. ठेवावेत तर महिनाअखेर जवळ, पाठवावेत तर कुठे? घरात साप दिसावा आणि कपाटाखाली दिसेनासा व्हावा, तसं झालं. कोपऱ्यातली प्रत्येक दोरी हललेली वाटते. फोन वाजला की मी दचकायचो. शेजारच्यांनी वायफायचा पासवर्ड मागितला, तर मी इतकं तोडून बोललो की बायकोने नंतर त्यांच्याकडे वाटीभर आमटी नेऊन दिली.

मंगळवारी कारखान्यात माझी बेरीज चुकली. पुन्हा केली, वेगळी आली. तिसऱ्यांदा केली, आणखी वेगळी. असं माझं कधी होत नाही. मी साहेबांना पित्त झाल्याचं सांगितलं, स्कूटर काढली आणि जेवणाच्या सुट्टीआधी घरी आलो.

बायको दळण आणायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पुरुषाचा आवाज येत होता, गोड, बिनघाईचा.

"दीदी, घबराइए मत. ऐसे केस हम रोज़ करते हैं. आपका पैसा अभी भी रास्ते में है."

मुलगी टेबलाशी बसली होती. फोन स्पीकरवर. लॅपटॉप उघडा, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. टेबलावर तिच्या मंगळसूत्राची लाल डबी उघडी पडली होती आणि तिच्यापुढे एक लहान कागद.

मला त्या कागदाचं सगळं माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं. तिनेच एकदा सांगितलं होतं की वॉलेटला किल्ली नसते, बारा शब्द असतात. ज्याच्याकडे बारा शब्द, त्याचं वॉलेट. ते कुठे ठेवलेत हे मी विचारलं नव्हतं. करमाळ्याहून आल्यापासून ती डबी आमच्या घरात कुणी उघडलेली नव्हती. तिने जागा बरोबर निवडली होती.

"अब पाँचवाँ वर्ड डालिए, दीदी," आवाज म्हणाला. "फिर सिस्टम खुद ही रिकवर कर लेगा."

तिने हात उचलला. मी चपलांसकट आत गेलो आणि त्या कागदावर तळवा ठेवला. तिने वर पाहिलं. तो चेहरा मी एकदाच पाहिला होता, करमाळ्याहून आली त्या दिवशी, दारात.

"पप्पा, तो म्हणतोय मिळतील."

मी भिंतीपाशी गेलो आणि राउटरचा प्लग उपटला. फिरणारा बाण जागच्या जागी थांबला. फोनमधून तोच आवाज, तसाच गोड.

"दीदी? नेट गया क्या? घर में कोई आया है?"

त्याला आमचं घर दिसत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी खिडकीकडे पाहिलं. मुलीने फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. तिने तो बंदच करून टाकला.

"किती शब्द टाकलेस?"

"चार."

"चार कळून काय होतं?"

"काही होत नाही." मग थोड्या वेळाने, "बहुतेक."

ते 'बहुतेक' मला सोसवलं नाही. मी खाली बसलो. तिने तुटक तुटक सांगितलं. एका ग्रुपवर तिने सगळी हकीकत लिहून मदत मागितली होती. तिथून या माणसाचा निरोप आला. आधी त्याने एक ॲप लॅपटॉपवर घ्यायला लावलं, म्हणजे त्याला पडदा दिसेल. अर्धा तास तो पडदा बघत होता. या अर्ध्या तासात तिने वॉलेटचा पासवर्डही टाकला होता.

"त्याने बघितला?"

"टिंबं दिसतात पडद्यावर. पण त्या ॲपला काय काय दिसतं, मला नाही माहीत. पप्पा, हा लॅपटॉप आता आपला नाही."

तेवढ्यात बायको दळणाचा डबा घेऊन आली. आमचे चेहरे पाहून तिने डबा ठेवला आणि आधी दाराला कडी घातली. मग विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही, आई. पैसे आत्ताच्या आत्ता हलवायला लागतील. हा लॅपटॉप चालणार नाही."

माझा फोन जुना, नातेवाइकांनी पाठवलेल्या नाही नाही त्या गोष्टी त्यात भरलेल्या. मुलीच्या फोनवर एक्स्चेंज होतं, त्याच फोनवर तो माणूस बोलत होता. राहिला बायकोचा. दिवाळीला घेतलेला, त्यात ती भजनं ऐकायची आणि बहिणींना फोटो पाठवायची, बस.

"माज्या फोनात?" तिने तो पदराआड धरला. "आन् माजे फोटू?"

"फोटोंना काही होत नाही गं."

"न्हाय होत ना? तुमचं रविवारी बी असंच हुतं, जुळलं म्हनून."

पण तिने दिला. मुलीने त्यावर वॉलेट उतरवून घेतलं, ॲप बनवणाऱ्याचं नाव दोनदा बघून. मग कागद घेतला. मी तोंड भिंतीकडे केलं. बारा शब्द तिचे होते. मी ते ऐकायचे नव्हते आणि बघायचेही नव्हते. माझ्यामागे तिचं बोट पडद्यावर टकटक करत होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं, मी त्यातल्या तारखा बघत होतो, पण एकही तारीख डोक्यात शिरत नव्हती.

"आहेत," ती म्हणाली. "तीनही हिस्से आहेत."

आता पाठवायचे कुठे, हा प्रश्न राहिला. तिने स्वतःचा फोन सुरू केला. त्या माणसाचे निरोप ओळीने आले. तिने ते उघडले नाहीत, त्याला ब्लॉक केलं आणि एक्स्चेंज उघडलं. यादीला तिने हात लावला नाही. एक्स्चेंजच्या पानावर चौकटीचं चित्र असतं, दुकानात पैसे देताना आपण स्कॅन करतो तसलं. आईच्या फोनचा कॅमेरा तिने त्यावर धरला. पत्ता आपला आपण आला. तरी ती म्हणाली, "पप्पा, वाचा. पूर्ण."

मी तिच्या फोनवरून वाचायचं, तिने आईच्या फोनवर ताडायचं. मी चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"मोठा टी. लहान के. सात. मोठा एम. लहान एम—"

"सावकाश."

"लहान एम. नऊ. मोठा वाय..."

मधेच कुठेतरी माझं बोट घसरलं आणि मला कळेना की हे अक्षर वाचलं होतं की नाही. घाम डोळ्यात आला होता. मी अंदाजाने पुढचं वाचायला लागलो.

"पहिल्यापासून," मुलगी म्हणाली.

"अगं, मागचं सगळं जुळलं होतं, नुसतं इथून—"

"पहिल्यापासून, पप्पा."

पहिल्यापासून वाचलं. पंख्याच्या वाऱ्याने तो लाल डबीजवळचा कागद हलला तेव्हा बायकोने त्यावर लाटणं ठेवलं. चौतिसावं अक्षर जुळलं तेव्हा माझा आवाज बसला होता.

"आता टाक सगळे," मी म्हणालो. "एकदाच. तो माणूस तिकडे बसलाय. सॅम्पलला वेळ नाही."

मला ऐकूनच आश्चर्य वाटलं की हे मी म्हणतोय. मुलगी म्हणाली, "सॅम्पल जाणार."

"अगं, तेवढ्यात त्याने—"

"जाईल तर जाईल. न बघता मी आता काही पाठवणार नाही."

तिने थोडी नाणी पाठवली आणि आम्ही तिघं दोन फोनांकडे बघत बसलो. त्या वेळाइतका लांब वेळ मी पाहिलेला नाही. तीन हिस्से आईच्या फोनवर दिसत होते आणि मला दर क्षणाला वाटत होतं की आता आकडा शून्य होईल. आपल्या डोळ्यांदेखत होईल, आणि आपण इथे तिघं जण बसलेले असूनही काही करता येणार नाही. शेवटी बायको हळूच म्हणाली, "आलं काय ते?" आलं होतं.

मी हात पुढे केला. "आता तोच पत्ता..." आणि मधेच गप्प झालो. मुलीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने एक्स्चेंजचं पान पुन्हा उघडलं, पुन्हा स्कॅन केलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी मुकाट्याने वाचू लागलो. मोठा टी. लहान के. सात.

सगळं पोचलं. तिने आकडा मला दाखवला, मी मनात बेरीज केली, ती बरोबर आली. त्या दिवशी पहिल्यांदा माझी बेरीज बरोबर आली. ती रडली वगैरे नाही. तिने तो कागद चार तुकडे करून गॅसवर जाळला, कारण आता त्या शब्दांच्या दारामागे काही नव्हतं, आणि रिकामी लाल डबी तशीच कपाटात ठेवली.

"झालं न्हवं?" बायको म्हणाली. "मग द्या माजा फोन. भन वाट बघत असंल." लॅपटॉप आम्ही नंतर दुकानात नेऊन सगळा पुसून घेतला. तरी त्याचं झाकण उघडलं की मला पडद्यावरचा तो बाण दिसतो.

नाणी विकली, कर कापला गेला, रुपये बँकेत आले. पहिला हिस्सा गेला तो गेलाच. रस्त्याकडच्या फ्लॅटला तेवढेच कमी पडत होते. माझी एक मुदत ठेव होती, बरोबर त्या आकड्याच्या आसपासची. मी पासबुक तिच्यापुढे ठेवलं.

"नको, पप्पा."

"उसने घेतले म्हण. व्याज दे."

"तुमची ठेव मोडली तर ते घर माझं राहत नाही. आपलं होतं." मग तिने मागच्या बाजूच्या एका खोलीच्या फ्लॅटची चौकशी केल्याचं सांगितलं. बाल्कनी नाही. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. पासबुक उचलताना मला हलकं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

महिनाअखेर त्या मागच्या फ्लॅटचे पैसे भरायला आम्ही सात रस्ता चौकातल्या बिल्डरच्या ऑफिसात गेलो. आत मोठी रांग होती, एसी नावाला. काउंटरवरच्या पोराने कागद पुढे सरकवले. खरेदीदाराच्या जागी एकच नाव छापलेलं होतं, मुलीचं, माहेरच्या आडनावासकट. तिने पैसे भरायला फोन काढला. पोराने स्वतःच्या पडद्यावर बघत बिल्डरचा खाते नंबर सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबून म्हणाला, "मॅडम, शेवटचे चार आकडे जुळतात ना? मग पाठवा, मागं लोक थांबलेत."

हा पोरगा चोर नव्हता. मी रोज कारखान्यात जसं बोलतो तसंच बोलत होता.

"पूर्ण सांगा," मुलगी म्हणाली.

"अहो, काय होतंय—"

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय, आटपा की ताई, ऊन वाढाय लागलंय."

तिने वळून पाहिलं नाही. खाते नंबर छापलेला कागद उचलून माझ्या हातात दिला. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागलो.